संदेष्ट्यांची वाणी : सूर हिब्रू, अर्थ मराठी

बुलढाणा जिल्ह्यांतील मेहकर आणि लोणार हीं दोन गांवें मराठी भाषेच्या इतिहासांत एका विशेष कारणानें स्मरणांत राहण्यासारखीं आहेत. तेराव्या शतकांत श्रीचक्रधरस्वामींचा संचार या भागांत झाला, असें 'लीळाचरित्र' सांगतें. धर्मोपदेश सामान्य स्त्रीपुरुषांना कळेल अशाच भाषेंत झाला पाहिजे, हा महानुभावांचा आग्रह प्रसिद्ध आहे. चक्रधरांच्या मागून पंथाची धुरा वाहणाऱ्या नागदेवाचार्यांनीं संस्कृतांत रचना करूं पाहणाऱ्या एका विद्वान् शिष्याला, तसें केल्यास पंथांतील म्हाताऱ्या बायांचें नुकसान होईल, असें सांगून आवरलें, ही कथा मराठीचा प्रत्येक अभ्यासक जाणतो.

परंतु हा प्रश्न एकट्या मराठीचा नव्हे. धर्मग्रंथाचे शब्द ज्या भाषेंत प्रथम उच्चारले गेले, ती भाषा लोकांच्या नित्य व्यवहारांतून गेली म्हणजे प्रत्येक समाजापुढें एकच पेंच उभा राहतो. मूळ शब्द आणि मूळ स्वर जपावे, तर अर्थ हरवतो. अर्थ जवळ करावा, तर शब्द आणि स्वर हातचे जातात. यहुदी लोक हा पेंच दोन हजारांहून अधिक वर्षें सोडवीत आलेले आहेत, आणि त्यांच्या प्रयत्नांतील एक प्रकरण मराठी भाषेंत घडलेलें आहे. तें प्रकरण कोंकणांतील बेने इस्राएल समाजाचें होय.

यहुदी प्रार्थनामंदिरांत दर शनिवारीं, म्हणजे शब्बाथाच्या दिवशीं, सकाळीं तोराचें, म्हणजे मोशेच्या पांच ग्रंथांचें, वाचन होतें. या ग्रंथांचे एकंदर चौपन्न भाग पाडलेले असून ते वर्षभरांत वाचून संपवावयाचे असतात. हें वाचन चर्मपत्राच्या गुंडाळीवरून करतात. तींत केवळ व्यंजनें लिहिलेलीं असतात. स्वर नसतात आणि चालीचीं चिन्हेंहि नसतात. वाचणाऱ्यानें तीं मुखोद्गत करूनच उभें राहावयाचें असतें. तोरावाचन संपलें म्हणजे संदेष्ट्यांच्या ग्रंथांतून एक उतारा म्हणतात. याचें नांव हफ्तारा. 'समाप्ति' हा त्या शब्दाचा अर्थ आहे.

संदेष्ट्यांच्या ग्रंथांत यहोशवा, शास्ते, शमुवेल व राजे हे इतिहासपर ग्रंथ आणि यशया, यिर्मया, यहेज्केल व बारा लहान संदेष्टे यांचे ग्रंथ येतात. तोराच्या भागाशीं विषयानें जुळेल असा उतारा निवडलेला असतो. ज्या आठवड्यांत नोहाच्या जलप्रलयाची कथा येते, त्या आठवड्यांत नोहाच्या काळच्या पाण्याची आठवण देणारा यशयाचा उतारा वाचतात. कांहीं उतारे सणांशीं आणि उपवासांशीं जोडलेले असतात. हफ्तारा हा सामान्यतः छापील पुस्तकावरून म्हणतात, त्यामुळें स्वर व चिन्हें वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढें असतात. तेरा वर्षांचा झालेला मुलगा प्रथमच सभेपुढें उभा राहतो, तेव्हां पुष्कळ ठिकाणीं त्याला हफ्ताराच म्हणावयास देतात, त्याचें एक कारण हेंहि आहे.

'म्हणावयास' हा शब्द येथें मुद्दाम योजिला आहे. हफ्तारा हा नुसता वाचावयाचा नसतो, तो विशिष्ट चालीवर म्हणावयाचा असतो. हिब्रू ग्रंथांच्या प्रत्येक शब्दाला वर किंवा खालीं एक लहानसें चिन्ह असतें. या चिन्हांना तेआमीम म्हणतात. पॅलेस्टाइनमधील तिबेरिया येथील पंडितांनीं तीं पूर्णतेस नेलीं, आणि दहाव्या शतकांतील आहरोन बेन आशेर हा त्यांतील सर्वांत मान्यता पावलेला पंडित होय. चिन्हें सर्वत्र एकच असलीं तरी त्यांचे सूर देशोदेशीं निरनिराळे आहेत. बगदादचे यहुदी एका रीतीनें म्हणतात, पोलंडचे दुसऱ्या. आणि एकाच मंदिरांत तोराची चाल वेगळी व हफ्ताऱ्याची वेगळी असते.

वैदिक पठण ऐकलेल्या माणसाला ही कल्पना परकी वाटणार नाहीं. ऋग्वेदाच्या पोथींत अक्षराखालीं आडवी रेघ आणि अक्षरावर उभी रेघ देऊन अनुदात्त आणि स्वरित दाखवितात. स्वर चुकला तर अर्थ फिरतो, हें सांगण्यासाठीं आपल्याकडे वृत्राची कथा आहे. त्वष्ट्यानें इंद्राला मारणारा पुत्र मागितला. पण 'इंद्रशत्रु' या शब्दाचा स्वर चुकला, आणि इंद्राचा संहारक जन्मण्याऐवजीं इंद्र ज्याचा संहारक, असा वृत्र जन्मला. हिब्रू चिन्हांचें कार्य मात्र याहून थोडें निराळें आहे. वैदिक स्वर मुख्यतः शब्दाचा असतो, तर तेआमीम हे वाक्याचे असतात. कांहीं चिन्हें शब्दाला पुढच्या शब्दाशीं जोडतात, तर कांहीं तोडतात. श्लोकाच्या मध्यावर मोठा विराम, त्याच्या आधीं लहान विराम, त्याच्याहि आधीं आणखी लहान, अशी ती उतरंड असते. चाल ही अशा रीतीनें व्याकरणच होय. गाणारा जेथें थांबतो, तेथें अर्थ थांबतो.

याचें सर्वांत प्रसिद्ध उदाहरण यशयाच्या चाळिसाव्या अध्यायांतील आहे. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा उपवास झाल्यावर येणाऱ्या शब्बाथीं हा सांत्वनाचा हफ्तारा म्हणतात. तेथें हांक मारणाऱ्या एका वाणीचा उल्लेख आहे, नंतर अरण्याचा, आणि नंतर ईश्वराचा मार्ग तयार करण्याच्या आज्ञेचा. आतां 'अरण्यांत' हा शब्द मागच्या शब्दाकडे जातो कीं पुढच्या? मागें गेला, तर हांक मारणारा अरण्यांत उभा आहे. पुढें गेला, तर मार्ग अरण्यांतून काढावयाचा आहे. ग्रीक भाषांतरानें आणि त्यामागून ख्रिस्ती शुभवर्तमानांनीं पहिला अर्थ घेतला. हिब्रू परंपरेंत 'हांक मारणारा' या शब्दावर झाकेफ नांवाचें तोडणारें चिन्ह आहे. म्हणून म्हणणारा तेथें थांबतो, आणि अरण्य हें मार्गाचें होतें. श्लोकाच्या उत्तरार्धांतहि राजमार्ग ओसाड मैदानांतूनच काढावयास सांगितलें असल्यामुळें हाच अन्वय सरळ दिसतो. बाबिलोनांत हद्दपार असलेल्या लोकांना घरीं परतावयाचा रस्ता वाळवंटांतूनच होता, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या एका विरामाचें मोल कळतें.

परंतु ज्याला हिब्रू येत नाहीं, त्याच्या कानांवर केवळ सूर पडतो. विराम पडला काय आणि न पडला काय, सारखेंच. तोराचे विधिनियम एखाद्या वेळीं न समजतां ऐकले तरी विधि पार पडतो. संदेष्ट्यांचें तसें नाहीं. संदेष्टा लोकांना उद्देशून बोलत असतो. तो रागावतो, विनवतो, लाज आणतो. प्रायश्चित्ताच्या दिवशीं, ज्याला बेने इस्राएल लोक पूर्वीं दारें लावून घरांत राहण्याच्या चालीवरून दारफाळणीचा सण म्हणत, सकाळचा हफ्तारा यशयाचा असतो. सारी सभा उपाशी असते, आणि संदेष्टा तिला सांगत असतो कीं मान वांकवून उपाशी राहणें हा खरा उपवास नव्हे. जुलमाच्या बेड्या तोडणें, भुकेल्यास आपली भाकर देणें आणि उघड्यास वस्त्र घालणें हा खरा उपवास होय. हे शब्द उपवास करणाऱ्यांनाच कळले नाहींत, तर ज्या दोषावर तो ठपका ठेवीत आहे, तोच दोष त्याच्या शब्दांच्या पठणांत उतरतो. हफ्ताऱ्याच्या अर्थाचा प्रश्न केवळ सोयीचा नाहीं, तो येथें धर्माच्या गाभ्याला भिडतो.

प्राचीन यहुद्यांनीं हें ओळखलें होतें. बाबिलोनाहून परतल्यावर लोकांची बोली हळूहळू अरमाई झाली, तेव्हां वाचकाच्या शेजारीं एक दुभाषा उभा करण्याची चाल पडली. त्याचे नियम दुसऱ्या शतकाच्या अखेरीस संकलित झालेल्या मिश्ना ग्रंथांत दिलेले आहेत. तोराचा एकेक श्लोक वाचून थांबावयाचें आणि दुभाष्यानें त्याचा अर्थ सांगावयाचा. संदेष्ट्यांच्या वाचनांत मात्र तीन श्लोकांपर्यंत एकदम वाचण्यास मोकळीक होती. पुढील ग्रंथांत आणखी बंधनें आढळतात. दुभाष्यानें वाचकापेक्षां आवाज चढवूं नये. त्यानें लिखितावरून वाचूं नये, म्हणजे मूळ कोणतें आणि अर्थ कोणता याविषयीं लोकांचा घोटाळा होणार नाहीं. येमेनच्या यहुद्यांनीं ही अरमाई प्रथा अर्वाचीन काळापर्यंत चालविली. स्पेनमधून निघालेल्या यहुद्यांच्या वंशजांत मंदिराच्या विध्वंसाच्या उपवासाचा हफ्तारा त्यांच्या लादिनो बोलींतहि म्हणण्याची चाल होती. शोकाच्या दिवशीं तरी शब्द काळजाला भिडले पाहिजेत, अशी त्यामागील भावना असावी. या उपवासाला बेने इस्राएल घरांत बिरड्याचा सण म्हणत, कारण त्या वेळीं वालाचें बिरडें करीत.

बेने इस्राएलांची कथा याच्या उलट्या टोकापासून सुरू होते. अलिबागेजवळील नवगांवच्या किनाऱ्यावर गलबत फुटून वांचलेल्या कुटुंबांपासून आपला समाज वाढला, अशी त्यांची परंपरा आहे. ते तेलाचा घाणा चालवीत आणि शनिवारीं काम बंद ठेवीत, म्हणून शेजारी त्यांना शनिवार तेली म्हणूं लागले. सुंता, शब्बाथ, कांहीं सण आणि ईश्वराच्या एकत्वाची प्रार्थना त्यांच्याजवळ टिकली. परंतु ग्रंथ, हिब्रूचें ज्ञान आणि पठणाचे सूर टिकले नव्हते. मुंबईंत सामाजी हसाजी दिवेकर यांनीं १७९६ सालीं पहिलें प्रार्थनामंदिर बांधलें. लोक त्याला मशीद म्हणत, आणि मशीद बंदर या रेल्वेठाण्याचें नांव त्यावरूनच पडलें असें सांगतात. एकोणिसाव्या शतकांत कोचीनहून आलेल्या यहुदी शिक्षकांनीं त्यांना प्रार्थना व पठण शिकविलें. बगदादी यहुद्यांचाहि संबंध आला. म्हणजे हफ्ताऱ्याचा सूर जेव्हां या समाजांत पुनः आला, तेव्हां तो परभाषेचा सूर म्हणून आला. आई, आजी, शेजार, बाजार हीं सर्व मराठी होतीं.

अर्थाकडे नेणारी वाट मराठींतूनच निघाली. स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांनीं १८३२ सालीं बेने इस्राएलांसाठीं हिब्रू व्याकरणाचीं मूलतत्त्वें मराठींत छापलीं. १८४६ सालीं मुंबईंत हग्गादा, म्हणजे वल्हांडणाच्या रात्रीं घरीं वाचावयाची पोथी, मराठी भाषांतरासह निघाली. १८७४ ची पुण्याची हग्गादा तर सचित्र होती, आणि तींतील भाकरी भाजणाऱ्या स्त्रिया लुगडीं नेसलेल्या आहेत. योसेफ यहेज्केल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनीं हिब्रू प्रार्थनांचीं मराठी भाषांतरें करण्यांत आयुष्य वेंचलें.

संदेष्ट्यांचे ग्रंथ मात्र मराठींत प्रथम मिशनऱ्यांच्या हातून आले, आणि तेथें एक नाजूक अडचण होती. भाषांतरकार ज्या श्रद्धेचा असतो, ती श्रद्धा त्याच्या शब्दांत उतरते. यशयाच्या सातव्या अध्यायांत 'अल्मा' असा हिब्रू शब्द आहे. यहुदी परंपरा त्याचा अर्थ 'तरुणी' असा करते. मराठी पवित्र शास्त्रांत 'कुमारी' असा शब्द आहे, आणि त्या एका शब्दावर ख्रिस्तजन्माच्या भविष्याची सगळी इमारत उभी राहते. बेने इस्राएल वाचकाला ग्रंथ स्वतःचा, भाषाहि स्वतःची, पण अर्थ दुसऱ्याच्या घरचा, अशा स्थितींत सावध राहून वाचावें लागे. याच कारणानें राजपूरकरांसारख्या विद्वानांचें कार्य त्या समाजाला एवढें मोलाचें वाटलें.

मग मराठी अर्थ हफ्ताऱ्याच्याच सुरावर म्हणतां आला नसता काय? परदेशांत असा प्रयोग झालेला आहे. अमेरिकेंत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत कांहीं यहुदी मंडळ्या इंग्रजी भाषांतर मूळ चिन्हांच्या सुरांवर म्हणूं लागल्या, आणि रब्बी झाल्मन शाख्टर-शालोमी (१९२४–२०१४) यांनीं अशा पठणाचा पुरस्कार केला. यासाठीं भाषांतर अगदीं निराळ्या हातानें करावें लागतें. हिब्रू श्लोकाचा मधला विराम जेथें आहे, तेथेंच इंग्रजी वाक्यानेंहि श्वास घेतला पाहिजे. शब्दांचा क्रम शक्यतों मूळचा राखला पाहिजे. आणि चिन्ह आघाताच्या अक्षरावर पडलें पाहिजे. हिब्रूंत आघात बहुधा शेवटच्या अक्षरावर येतो, इंग्रजींत पुष्कळदां आधींच्या. म्हणून कांहीं पठणकार जोडणारीं चिन्हें सैल सोडतात आणि तोडणारीं तेवढीं कांटेकोर पाळतात. विराम सांभाळले कीं अर्थाचा सांगाडा सांभाळला जातो, हें त्यामागील तत्त्व आहे.

मराठीला हें काम इंग्रजीपेक्षांहि अवघड आहे. हिब्रू वाक्यांत क्रियापद बहुधा आरंभीं येतें, मराठींत तें शेवटीं येतें. हिब्रूच्या क्रमानें 'आणि उठला राजा, आणि गेला नगराकडे' असें म्हटलें तर दोन ठिकाणीं विराम आपोआप सांपडतो. मराठींत सहज म्हणावयाचें तर 'राजा उठून नगराकडे गेला' असें होतें, आणि एकाच श्वासांत वाक्य संपून जातें. शिवाय मराठींत आघात सौम्य आहे. आपल्या छंदांना ऱ्हस्वदीर्घ, मात्रा आणि अक्षरसंख्या यांचा आधार लागतो. मराठी कानाला जी लय आपली वाटते, ती ओवीची, अभंगाची, साकीची आणि दिंडीची. पाहुण्या सुरावर बसविलेलें मराठी गद्य त्याला ना गाणें वाटलें असतें, ना बोलणें.

बेने इस्राएलांनीं हा प्रश्न मंदिराच्या बाहेर सोडविला. मंदिरांत हफ्तारा हिब्रूंत, हिब्रू सुरांतच राहिला. पण १८८० च्या सुमारास मुंबईंतील कांहीं बेने इस्राएल गृहस्थांनीं हिंदु हरिदासांचीं कीर्तनें ऐकून तीच पद्धति आपल्या धर्मकथांसाठीं उचलली. आरंभीं ईशस्तवन, मग विषयाचें निरूपण, मग आख्यान, मध्यें साकी, दिंडी, आर्या, पदें, साथीला वाद्यें, आणि कथा आब्राहामाची, योसेफाची, मोशेची. संदेष्ट्यांत एलिया हा तर या समाजाचा अत्यंत लाडका. अलिबागेजवळ खंडाळे येथें एका खडकावर त्याच्या रथाच्या खुणा उमटल्या आहेत, अशी श्रद्धा असून नवस फेडण्यासाठीं लोक तेथें जातात आणि एलियाहू हन्नबीच्या नांवानें मलिदा करतात. त्याच्या नांवाचीं मराठी गाणीं स्त्रियांच्या तोंडीं घरोघर होतीं.

कीर्तन हें हफ्ताऱ्याचें भाषांतर नव्हे, हें खरें. पण प्राचीन दुभाष्याचें आणि कीर्तनकाराचें नातें जवळचें आहे. दोघेहि मूळ ग्रंथाला हात न लावतां त्याच्या शेजारीं उभे राहतात; दोघेहि लिखितावरून वाचीत नाहींत, तर लोकांकडे पाहून बोलतात. मूळ आणि अर्थ यांत घोटाळा होऊं नये, हा जुन्या पंडितांचा नियम या समाजानें अशा रीतीनें आपोआप पाळला. पुढें १९२५ सालीं डॉ. जेरुशा झिराड यांच्या पुढाकारानें मुंबईंत ज्यूइश रिलिजस युनियन स्थापन झाली. तेथें लंडनच्या उदारमतवादी यहुद्यांच्या धर्तीवर, उपासना समजून करण्याचा विचार प्रत्यक्ष मंदिराच्या आंत आला.

या सर्व प्रयत्नांची खरी कसोटी मुंबई-पुण्यापासून दूर लागत असे. लष्कर, पोलीस, टपाल व रेल्वे यांतील नोकरीमुळें बेने इस्राएल कुटुंबें दूरदूर पसरलीं. भुसावळ ओलांडून मलकापूर, जलंब, शेगांव यांवरून नागपुराकडे जाणाऱ्या लोहमार्गासारख्या मार्गांवर, जेथें जवळपास प्रार्थनामंदिर नाहीं, तेथें बदलून जाणाऱ्या माणसाला एक नियम आड येतो. तेरा वर्षांवरील दहा पुरुष जमल्याखेरीज परंपरेप्रमाणें तोराचें सार्वजनिक वाचन होत नाहीं, आणि हफ्ताराहि होत नाहीं. एकट्या कुटुंबाला शनिवारच्या सकाळीं सूर मिळत नाहीं. मिळतें तें पुस्तक, आणि पुस्तकांतून आपल्या भाषेंत बोलणारा संदेष्टा. ज्या समाजाजवळ केवळ सूर असतो, तो दहांच्या खालीं गेला कीं मुका होतो. ज्याच्याजवळ अर्थहि असतो, तो एकटा असतांहि ऐकूं शकतो.

१९४८ सालीं इस्राएल राष्ट्र स्थापन झालें आणि बेने इस्राएल समाजाचा मोठा भाग हळूहळू तिकडे गेला. १९५१ च्या जनगणनेंत भारतांत सुमारे साडेसव्वीस हजार यहुदी होते. २०११ च्या जनगणनेंत ते पांच हजारांहून कमी भरले. महाराष्ट्र शासनानें २०१६ सालीं त्यांना अल्पसंख्य समाज म्हणून मान्यता दिली. इस्राएलमध्यें वाढलेल्या मुलांना हिब्रू ही आतां शाळेची आणि बाजाराची भाषा आहे. प्राचीन आणि अर्वाचीन हिब्रूंत अंतर असलें, तरी हफ्तारा त्यांना बराचसा कानानेंच कळतो. कळत नाहीं ती आजीची मराठी. एलियाच्या गाण्यांतील ओळींचा अर्थ नातवंडांना हिब्रूंत समजावून द्यावा लागतो.

दीडशें वर्षांपूर्वीं मराठी ज्या कामासाठीं बोलाविली गेली, तें काम तिनें पार पाडलें. आतां दुभाष्याची जागा पालटली आहे. समजावून देणारी भाषा हिब्रू झाली असून समजावून घ्यावयाचे शब्द मराठी झाले आहेत. ज्या म्हाताऱ्या बायांची काळजी एका आचार्यानें वाहिली, तशाच म्हाताऱ्या बायांनीं समुद्रापलीकडे मराठी गाणीं जपून ठेवलीं. त्यांच्या शेजारीं उभें राहून अर्थ सांगणारा कोणी भेटतो कीं नाहीं, यावर त्या गाण्यांचें पुढील आयुष्य अवलंबून आहे.